वुड्ढपब्बजिता : थेरीगाथेतील वार्धक्य आणि अट्ठकथेने दिलेले कारण

उत्तरायुष्यात मनुष्य धर्माकडे का वळतो, या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या समाजात इतके रूढ आहे की तो प्रश्न आहे हेच सहसा ध्यानात येत नाही. शक्ती गेली, सत्ता गेली, मुले विचारीनाशी झाली, जोडीदार निवर्तला. मग उरलेल्या रिकाम्या जागेत धर्म येऊन बसतो, असे हे उत्तर आहे. वाङ्मयसमीक्षेतही ते बिनदिक्कत वापरले जाते. पाली वाङ्मयातील वृद्ध भिक्षुणींच्या गाथांवर जे लिहिले-बोलले जाते त्यातही बहुधा याच उत्तराचा आधार घेतलेला असतो. ते उत्तर त्या गाथांना कितपत लागू पडते आणि ते मुळात गाथांचे आहे की गाथांवरील भाष्याचे, हे तपासून पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रथम एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हे रूढ उत्तर पाली ग्रंथकारांना अपरिचित नव्हते. मज्झिमनिकायातील रट्ठपालसुत्तात (८२) ते एका राजाच्या तोंडी आलेले आहे. कुरू देशातील थुल्लकोट्ठित नगरातला रट्ठपाल हा सधन घराण्यातला तरुण मुलगा हट्टाने प्रव्रज्या घेतो. पुढे तो आपल्या गावी परत येतो तेव्हा राजा कोरव्य त्याला विचारतो की, लोक घर सोडतात ते चार प्रकारच्या हानींमुळे : म्हातारपण, आजार, संपत्तीचा नाश आणि नातलगांचा नाश. पालीत या हानीला ‘पारिजुञ्ञ’ असा शब्द आहे. तुमच्या बाबतीत यांपैकी एकही हानी दिसत नाही, तेव्हा तुम्ही काय पाहून घर सोडले, असा राजाचा प्रश्न. म्हणजे प्रव्रज्या ही हानीची भरपाई होय, हा सिद्धांत येथे नीट वर्गीकरणासह मांडला गेला आहे. रट्ठपाल तो खोडून काढीत बसत नाही. त्याला बगल देऊन तो जगाविषयीची चार विधाने करतो. जग अस्थिर आहे. त्याला त्राता नाही. त्यात आपले असे काही नाही, सर्व सोडून जावे लागते. आणि ते सदा अतृप्त, तृष्णेचे दास आहे. ही विधाने वीस वर्षांच्या माणसाला जितकी लागू तितकीच ऐंशी वर्षांच्या माणसालाही लागू आहेत. या प्रसंगात एक सूक्ष्म विनोदही आहे, आणि तो वाचकांच्या नजरेतून बऱ्याचदा निसटतो. ऐंशी वर्षांचा आहे तो राजा. रट्ठपाल त्याला तारुण्यातील बळाची आठवण देतो, तेव्हा राजा कबूल करतो की आता पाय एकीकडे टाकावा तर तो दुसरीकडेच पडतो. पारिजुञ्ञाचा पहिला प्रकार ज्याच्या अंगावर प्रत्यक्ष आहे तो सिंहासनावर, आणि ज्याच्यावर तो नाही तो भिक्षू! वार्धक्याने वैराग्य येते हा राजाचा सिद्धांत राजाच्याच उदाहरणाने लंगडा पडतो.

आश्रमव्यवस्थेशी तुलना केली म्हणजे हा मुद्दा अधिक उठून दिसतो. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात गृहस्थाने वनात केव्हा जावे याच्या खुणा सांगितल्या आहेत : त्वचेला सुरकुत्या, डोक्यावर पिकलेले केस आणि मुलाच्या मुलाचे मुखदर्शन. वय हाच तेथे अधिकार आहे. बौद्ध वाङ्मयालाही हा आदर्श वारशाने मिळाला होता. मिथिलेचा राजा मखादेव न्हाव्याला सांगून ठेवतो की डोक्यात पिकलेला केस दिसला तर कळव. तो दिसताच न्हाव्याला एक गाव इनाम देतो, पुत्राला राज्य देतो आणि निघून जातो. जातकात ही कथा आहे, तशी मज्झिमनिकायातही (८३) आहे. परंतु मज्झिमनिकायातील सुत्ताचा शेवट आपल्याकडे क्वचितच उद्धृत होतो. तेथे बुद्ध म्हणतात की तो मखादेव मीच होतो आणि ती प्रथा चांगली होती; पण तिने ब्रह्मलोकापर्यंतच नेले, निर्वाणापर्यंत नाही. पिकल्या केसाची वाट पाहण्याच्या प्रथेला मान देऊनच तिची मर्यादा येथे सांगितलेली आहे. बौद्ध प्रव्रज्या म्हणजे वानप्रस्थाची दुसरी आवृत्ती, असे विधान आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत अधूनमधून वाचावयास मिळते. या सुत्तापुढे ते टिकावयाचे नाही.

उलट संघाला म्हाताऱ्या नवागतांचा थोडाफार धाकच होता असे म्हणावे लागते. म्हातारपणी प्रव्रजित झालेल्यासाठी ‘वुड्ढपब्बजित’ हा शब्द पालीत रूढ आहे, आणि तो नेहमीच आदराने वापरलेला नाही. अंगुत्तरनिकायाच्या पंचकनिपातात लागोपाठ दोन सुत्ते (५९ व ६०) अशी आहेत की त्यांत म्हातारपणी प्रव्रजित झालेल्या माणसात दुर्मिळ असणारे गुण मोजले आहेत : सूक्ष्म बुद्धी, भिक्षूला शोभेल असे वागणे, बहुश्रुतता, धर्म सांगण्याची हातोटी, विनयाचे ज्ञान, आणि सांगितलेले मुकाट्याने ऐकून घेणे, घेतलेले नीट धरून ठेवणे. ज्याने चाळीस वर्षे घरात हुकूम सोडले त्याला विशीतल्या भिक्षूचे ऐकावयाचे म्हणजे काय, हे ज्याला कळले होते अशाच कोणीतरी ही यादी केली आहे. संघात ज्येष्ठता वयावर नसे, उपसंपदेच्या दिवसावर असे. महापरिनिब्बाणसुत्तात बुद्धाच्या निधनाची वार्ता ऐकून, बरे झाले, आता हे करा नि ते करू नका असे सांगणारे कोणी उरले नाही, असे उद्गार काढणारा सुभद्द हा वुड्ढपब्बजितच आहे. विनयपिटकाच्या महावग्गात आतुमा गावचा एक न्हावी म्हातारपणी दोन मुलांसह भिक्षू होतो आणि मुलांना हजामतीची पेटी देऊन घरोघर मीठ, तेल, तांदूळ गोळा करण्यास पाठवितो. अट्ठकथाकारांच्या मते तो हाच. त्याच सुत्तात दुसराही एक सुभद्द आहे, बुद्धाचा अखेरचा शिष्य. पाली सुत्त त्याचे वय सांगत नाही. संस्कृत महापरिनिर्वाणसूत्रात मात्र तो एकशेवीस वर्षांचा वृद्ध आहे. म्हणजे एका परंपरेने वार्धक्य तक्रारखोराला दिले आणि दुसरीने ते अखेरच्या शिष्यालाही दिले. या दोन टोकांमध्ये थेरीगाथेतील वृद्ध स्त्रिया उभ्या आहेत.

थेरीगाथेत ७३ काव्ये असून त्यांची मांडणी गाथासंख्येच्या चढत्या क्रमाने केलेली आहे. सुमारे ५२२ गाथांच्या या लहानशा संग्रहावर धम्मपालाची परमत्थदीपनी ही अट्ठकथा आहे. पुष्कळ गाथा एकदोन श्लोकांच्या. त्यांत नाव, गाव, घराणे फार थोडे. हे सारे आपणांस मिळते ते अट्ठकथेत. गाथा आणि अट्ठकथा यांच्यामध्ये काही शतकांचे अंतर आहे. परंतु आपण थेरीगाथा वाचतो तेव्हा बहुधा अट्ठकथा आधी वाचतो आणि गाथा मागाहून. याचा परिणाम काय होतो, ते सोणेच्या गाथांवरून स्पष्ट होते.

सोणेची कथा अट्ठकथेनुसार अशी. सावत्थीतील एका कुळातली ही स्त्री, पुष्कळ मुलांची आई म्हणून ‘बहुपुत्तिका’. नवऱ्याने प्रव्रज्या घेतल्यावर तिने मुलामुलींची लग्ने लावली, सगळी संपत्ती त्यांना वाटून दिली आणि स्वतःसाठी काही ठेवले नाही. काही दिवस मुलांनी आणि सुनांनी तिचे केले, पुढे ती त्यांना जड झाली. जेथे मान नाही तेथे राहून काय करावयाचे, असे म्हणून ती भिक्षुणी झाली. धम्मपदाच्या अट्ठकथेत हीच कथा अधिक रंगवून येते. तेथे नवरा मेलेला आहे, मुले सात आणि मुली सात आहेत, आणि थोरली सून टोमणा मारते की, आमच्या यांना जणू दोन वाटे दिले आहेत अशा थाटात या रोज इकडेच येतात. मराठी वाचकाला ही कथा ऐकताच जवळची वाटते. सर्वस्व वाटून देऊन दारोदार होणाऱ्या म्हाताऱ्याची शोकांतिका ‘नटसम्राट’ने १९७० पासून आपल्या मनावर बिंबवली आहे, आणि सोणा ही आपणांस आप्पासाहेब बेलवलकरांची फार जुनी बहीण वाटू लागते. वर्गात या गाथा शिकविताना विद्यार्थी सुनांविषयीच अधिक बोलतात, असा माझा अनुभव आहे.

आता केवळ गाथा पाहाव्या. त्या पाच आहेत (१०२–१०६). त्यांतील आशय असा : या देहाने मी दहा पुत्र प्रसवले, नंतर दुबळी, जीर्ण होऊन मी एका भिक्षुणीकडे गेले, तिने मला स्कंध, आयतने आणि धातू यांचा उपदेश केला, तो ऐकून मी केस कापले आणि प्रव्रज्या घेतली, शिकत असतानाच दिव्यदृष्टी लाभली, पूर्वजन्म कळले, मग चित्त एकाग्र झाले, सुटले, पाच स्कंध पूर्णपणे जाणले गेले आहेत, ते आता मुळे तोडलेले असे उभे आहेत. येथे मुले आहेत, पण मुलांविषयी तक्रार नाही. सुना नाहीत, वाटणी नाही, अपमान नाही. मुले चौदा नव्हेत, दहा आहेत. आणि ती आली आहेत तीही देहाच्या संदर्भात : ज्या देहाने दहा वेळा जन्म दिला तोच देह पुढे थकला, आणि त्या देहाचेच पृथक्करण भिक्षुणीने तिला शिकविले. स्कंध, आयतन, धातू ही रूक्ष पारिभाषिक यादी येथे काव्याच्या दृष्टीने अगदी योग्य जागी आहे. दहा बाळंतपणांत जो देह ‘माझा’ म्हणून राबला त्याचे घटक मोजून दाखविणे हाच उपदेश आहे. अट्ठकथेने कारण कुटुंबात शोधले. गाथेने ते देहात शोधले आहे.

येथे पाठाचाही एक प्रश्न आहे, आणि तो गौण नाही. शेवटच्या गाथेच्या तिसऱ्या चरणाचा पाठ एकमुखी नाही. एका पाठाप्रमाणे सोणा जरेला उद्देशून तिचा धिक्कार करते. पाली टेक्स्ट सोसायटीसाठी पिशेल यांनी १८८३ साली केलेल्या संपादनातील पाठ निराळा आहे, त्यात स्थिर आणि अविचल असण्याचा अर्थ निघतो. पहिला पाठ घेतला तर सोणेच्या पाच गाथांत एकच तक्रार उरते, आणि तीही म्हातारपणाविरुद्ध, मुलांविरुद्ध नव्हे. दुसरा घेतला तर तक्रार मुळीच उरत नाही. काव्य म्हणून मला पहिला पाठ अधिक जिवंत वाटतो हे मान्य केले पाहिजे. मुक्त झालेल्या म्हातारीने म्हातारपणाला दोन शब्द सुनवावेत यात एक घरगुती ठसका आहे. पण आपल्याला काय आवडते यावर पाठनिश्चिती होत नसते. कोणताही पाठ स्वीकारला तरी पारिजुञ्ञाच्या सिद्धांताला येथे आधार मिळत नाही, एवढे पुरे.

अट्ठकथेवर मात्र सरसकट अविश्वास दाखविणे अन्यायाचे होईल. सोणा प्रव्रजित का झाली हे सांगताना भाष्यकार लोककथेच्या वाटेने जातात; ती प्रव्रजित होऊन काय करीत होती हे सांगताना मात्र त्यांच्या हाती एक विलक्षण तपशील लागला आहे. आपण उशिरा आलो, आता वेळ थोडा, म्हणून सोणा रात्री साधना करी. खालच्या मजल्यावरचा खांब हाताने धरून, तो न सोडता, त्याच्याभोवती ती चालत राही; बाहेर अंधारात झाडावर डोके आपटेल म्हणून झाडाला हात लावून त्याच्याभोवती फिरे. डोळ्यांनी कमी दिसणाऱ्या, तोल जाणाऱ्या शरीराने शोधून काढलेला हा चंक्रमणाचा प्रकार आहे. तो कल्पनेने सुचणे कठीण. कोणीतरी पाहिलेला असावा असे वाटते. अंगुत्तरनिकायात बुद्धाने भिक्षुणींमध्ये वीर्यारंभात अग्रणी म्हणून सोणेचे नाव घेतले आहे, एखाद्या तरुण तपस्विनीचे नव्हे. तिचा खांब डोळ्यांसमोर असला म्हणजे त्या निवडीचा अर्थ कळतो. उत्तरायुष्यातील धर्म म्हणजे विसावा, ही आपली दुसरी रूढ समजूत. पहिलीइतकीच तीही येथे निरुपयोगी ठरते.

धम्मा आणि सुमना यांच्या एकेका गाथेचा विचार वेगळ्या कारणासाठी केला पाहिजे. धम्मेची गाथा (१७) अशी की भिक्षेसाठी हिंडून, काठी टेकत, थरथरत्या अंगाने परत येताना ती तेथेच जमिनीवर पडली आणि त्या पडण्यातच देहाचे दोष दिसून तिचे चित्त सुटले. अट्ठकथा म्हणते की तिला आधीच प्रव्रज्या घ्यावयाची होती, पण नवरा संमती देईना; तो वारल्यावर ती गेली. सुमनेची कथाही तशीच. ती कोसल राजघराण्यातली, पसेनदीची आत्या. तरुणपणीच तिला धर्म पटला होता. पण वृद्ध आजीची शुश्रूषा करावयाची म्हणून ती थांबली आणि आजी गेल्यावर, स्वतः म्हातारी झाल्यावर, विहारात आली. येथे अट्ठकथाही पारिजुञ्ञाचा सिद्धांत मांडीत नाही, ही गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. या दोघी म्हातारपणी ‘वळल्या’ नाहीत. म्हातारपणी मोकळ्या झाल्या. भिक्षुणींच्या पाचित्तिय नियमांत आईबापांच्या किंवा नवऱ्याच्या संमतीवाचून उपसंपदा देण्यास मनाई आहे. संमती देणारे किंवा नाकारणारे सगळे मरून जाईपर्यंत थांबावयाचे, असा याचा पुष्कळ स्त्रियांच्या बाबतीत व्यवहारातला अर्थ होत असला पाहिजे. तेव्हा थेरीगाथेत वृद्ध स्त्रिया का आढळतात, याचे उत्तर वार्धक्याच्या मानसशास्त्रात शोधण्यापूर्वी घराच्या उंबऱ्याशी शोधावे. स्वतः महापजापती गोतमीने प्रव्रज्येची मागणी केली ती शुद्धोदनाच्या निधनानंतर असे परंपरा सांगते, आणि चुल्लवग्गाप्रमाणे तिला ती मिळाली तीही अशा अटीवर की शंभर वर्षांच्या भिक्षुणीनेही आजच्या भिक्षूला वंदन करावे. घरातील ज्येष्ठता सोडून आलेल्या स्त्रीला संघात ती परत मिळाली नाही. पुढे तिने ही अट सैल करण्याची विनंती केली, ती अमान्य झाली. बौद्ध संघाविषयी लिहिताना आपण हा प्रसंग हळूच ओलांडून जातो. तो ओलांडू नये.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो बळकट आहे. चित्तेच्या (२७–२८) आणि मेत्तिकेच्या (२९–३०) गाथा पाहिल्या तर दोघीही आजारी, दुबळ्या, काठी टेकत डोंगर चढतात. दोघीही संघाटी बाजूला ठेवतात, पात्र पालथे घालतात, खडकावर टेकतात, आणि मुक्त होतात. धम्मेच्या गाथेतही काठी आहे. म्हणजे हा एक ठरीव साचा झाला. त्यातून व्यक्तीचा अनुभव कसा काढावयाचा? अनुभव काढता येणार नाही हे मी मान्य करतो. या गाथांवरून चित्ता किंवा मेत्तिका नावाच्या बाईचे चरित्र लिहू नये. पण साचा हादेखील पुरावाच असतो. वार्धक्यासाठी या परंपरेने कोणता साचा निवडला, ते पाहावे. झाडाखाली शांत बसलेली म्हातारी तिने निवडली नाही. डोंगर चढणारी निवडली. उत्तरायुष्याचे प्रतीक म्हणून चढण घ्यावी, उतार घेऊ नये, हा निर्णय कोणा एकीचा नसला तरी त्या संग्रहाचा आहे.

थेरगाथेतील राधाविषयी थोडक्यात लिहितो, कारण तेथील गुंतागुंत कमी आहे. अट्ठकथेतील राध हा गरीब वृद्ध ब्राह्मण. विहारात गवत काढी, झाडलोट करी, तोंड धुण्यास पाणी देई. भिक्षू त्याला जेवू घालीत, पण प्रव्रज्या देईनात, म्हणून तो झुरून रोडावला. याचे काही ऋण कोणाला आठवते का, असे बुद्धाने विचारल्यावर सारिपुत्ताला त्याने एकदा वाढलेली पळीभर भिक्षा आठवली. पुढे राध इतका मुकाट्याने ऐकून घेणारा निघाला की धम्मपदातील ७६ वी गाथा त्याच्या निमित्ताने सांगितली गेली असे भाष्यकार म्हणतात. अंगुत्तराने दुर्मिळ म्हटलेला गुण एका वुड्ढपब्बजितात दाखविण्यासाठीच ही कथा रचली गेली असावी असा मला दाट संशय आहे. मात्र त्याच्या नावावरील दोन गाथांत नीट न शाकारलेल्या छपराचा दाखला आहे, आणि तो विहारात मोलमजुरी करणाऱ्याच्या तोंडी शोभतो.

आम्रपालीच्या एकोणीस गाथा या चर्चेत नेहमी आणल्या जातात; माझ्या मते त्या येथे चुकीच्या ठिकाणी येतात. केसांपासून पायांपर्यंत एकेका अवयवाचे पूर्वीचे आणि आताचे रूप ती सांगते. त्यात प्रव्रज्येचा उल्लेख नाही, मुक्तीचा नाही, समाधानाचाही नाही. ती केवळ पाहते. वार्धक्यामुळे ती धर्माकडे वळली असे म्हणणाऱ्याने त्या गाथांतील एक तरी शब्द दाखवावा.

हा सगळा वाद पाली विभागापुरता आहे असे समजू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ (१९५७) या आपल्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच हा प्रश्न उभा केला आहे. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला ही परंपरागत कथा त्यांना पटत नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिला नव्हता हे कसे मानावे, असा त्यांचा सरळ सवाल आहे, आणि ते गृहत्यागाचे कारण शाक्य-कोलियांच्या रोहिणी नदीच्या पाण्यावरील तंट्यात शोधतात. हे कारण ऐतिहासिकदृष्ट्या सिद्ध आहे की नाही हा स्वतंत्र विषय आहे. पण हानीच्या दर्शनातून धर्म निघतो या स्पष्टीकरणाला त्यांनी दिलेला नकार हा रट्ठपालाच्या नकाराच्या जातीचा आहे. आणि त्यांच्या स्वतःच्या चरित्रालाही तो लागू आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी दीक्षा घेतली तेव्हा त्यांना पासष्ट वर्षे पूर्ण झाली होती, प्रकृती ढासळलेली होती आणि पुढे दोन महिन्यांच्या आत त्यांचे निधन झाले. एवढ्यावरून त्यांच्या धर्मांतराला आयुष्याच्या संध्याकाळी शोधलेला आसरा समजणारे वाचक आढळतात. केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र त्यांच्या हाती दिले ते १९०७ साली, आणि येवल्याची घोषणा १९३५ सालची. धम्मा-सुमनांप्रमाणे येथेही वय हे वळणाचे नसून विलंबाचे आहे. फक्त विलंबाची कारणे घरातील नव्हती. धर्मानंद कोसंबींची गोष्ट उलट दिशेने बोलकी आहे. ‘निवेदन’ (१९२४) वाचणाऱ्याला कळते की ‘बालबोधमेवा’तील बुद्धचरित्राने त्यांना ओढले ते विशीच्या सुमारास, गोव्यात, आणि उत्तरायुष्यात मात्र हा बौद्ध पंडित पार्श्वनाथाच्या चातुर्यामाकडे ओढला गेला व १९४७ साली सेवाग्रामात अन्नत्याग करून त्याने देह ठेवला. म्हातारपण माणसाला कोणत्या दिशेने नेईल याचा नियम करणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

अखेर भाषांतराची एक अडचण. सुमनेच्या गाथेत (१६) तिला ‘वुड्ढिके’ अशी हाक आहे : स्वतः केलेल्या वस्त्रात गुरफटून सुखाने नीज, तुझा राग शमला आहे, तू निवाली आहेस, असा त्या गाथेचा भाव. संग्रहाच्या पहिल्याच गाथेत अशीच हाक ‘थेरिके’ या शब्दाने येते, आणि तेथे राग हा मडक्यात आटून गेलेल्या भाजीसारखा आहे. ‘थेरिके’ला ‘थेरी’ हे संघातले नाव पुरते. पण ‘वुड्ढिके’ला मराठीत काय म्हणावे? ‘हे वृद्धे’ म्हटले तर गाथा संस्कृत नाटकातली होते. ‘आजीबाई’ म्हटले तर तिला नातवंडे येऊन चिकटतात, आणि ही तर स्वतः आजीपायी थांबलेली. ‘म्हातारे’ या शब्दात घरातल्या माणसाचा जिव्हाळा आहे आणि सुनेच्या तोंडचा तुच्छभावही आहे. दोन्ही छटा ठेवाव्या असे मला वाटते. जी हाक घरात टोचली असती तीच येथे निजवावयास येते. म्हणून मी माझ्या भाषांतरात ‘म्हातारे’ असेच ठेवले आहे.